संगणकाचा घरगुती कूलिंग टॉवर आणि पाण्याचा हिशेब

सांडपाण्याचा चार इंची पीव्हीसी पाइप, पुरुषभर उंचीचा. वरच्या टोकाला न्हाणीघरातला शॉवर, खाली बादली, बादलीत माशांच्या टाकीत वापरतात तसला छोटा पंप आणि पाइपच्या बुडाशी टी-जोड लावून बसवलेला १२० मिलिमीटरचा पंखा. प्रोसेसरवर घट्ट बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून फिरून तापलेले पाणी नळीने शॉवरपर्यंत चढते, थेंबाथेंबाने पाइपमधून खाली उतरते आणि खालून वर जाणारी हवा त्यातली उष्णता काढून घेते. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या हौशी ओव्हरक्लॉकर, म्हणजे प्रोसेसरचा वेग ताणणाऱ्या, मंडळींनी २००१ ते २००५ च्या सुमारास असे मनोरे मोठ्या उत्साहाने उभे केले. त्यांच्या हातात तेव्हा १.४ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर होता. तो सुमारे ७२ वॅट उष्णता टाकायचा आणि वेग ताणला की शंभरीच्या आसपास जायचा. पंखा-रेडिएटर लावून पाणी खोलीच्या तापमानापर्यंतच खाली येते. हा मनोरा मात्र पाणी खोलीच्या हवेपेक्षाही थंड करत असे, तेही कॉम्प्रेसरशिवाय. त्या काळी हा पराक्रमच होता.

अडचण एकच होती. बादली रोज भरावी लागायची.

आज हा प्रश्न पुन्हा पाहण्यासारखा झाला आहे. इंटेलचा कोअर आय९-१४९००के पूर्ण ताणावर २५३ वॅट घेतो, एनव्हीडियाचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड ४५० वॅट आणि ५०९० हे ५७५ वॅट. घरात एआयची मॉडेले चालवणारा, थ्रीडी चित्रे रेंडर करणारा माणूस टेबलाखाली छोटी शेगडीच पेटवून बसलेला असतो. ही उष्णता वाफेवर घालवायची म्हटली तर पाणी किती लागेल आणि त्यातले किती वाचवता येईल, याचा हिशेब उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या प्रदेशात तरी आधी मांडायला हवा.

हिशेबाचा पाया शाळेत शिकवलेल्या अप्रकट उष्म्याचा आहे. तिशीच्या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. म्हणजे संगणकाने एक युनिट वीज खाल्ली आणि ती सगळी उष्णता निव्वळ वाफेवर गेली, तर जवळजवळ दीड लिटर पाणी उडाले. १०० वॅटला तासाला दीडशे मिलिलिटर, ३०० वॅटच्या संगणकाला ४४० मिलिलिटर आणि तो दिवसरात्र चालला तर दिवसाला साडेदहा लिटर. वर सांगितलेला प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही पूर्ण ताणावर असतील तर तासाला लिटरभर. हे पाणी वाया गेले असे म्हणता येत नाही. त्यानेच काम केलेले असते. मनोरा वाफेवर थंड होणार असेल तर एवढा खर्च टळत नाही.

मग वाचवायचे काय? प्रत्यक्षात घरगुती मनोरा या हिशेबापेक्षा बरेच जास्त पाणी पितो, कित्येकदा दुप्पट-तिप्पट. हा वरचा खर्च चार वाटांनी होतो. बारीक थेंब हवेबरोबर उडून जातात. पाणी सांडते आणि शिंतडते. क्षार साठल्यामुळे पाणी बदलावे लागते. आणि मनोरा गरजेपेक्षा जास्त थंडावा तयार करत बसतो. शेवटची वाट सर्वांत रुंद आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे.

कोणत्या वाटेने किती जाते हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, शुद्धीकरण यंत्राबरोबर मिळतो तसला टीडीएस मीटर पुरे. वाफ क्षार नेत नाही, थेंब नेतात. बादलीवर पातळीच्या खुणा करून ठेवाव्या, सुरुवातीचा टीडीएस टिपून घ्यावा आणि पाणी निम्मे होईपर्यंत वरून भर घालू नये. टीडीएस दुपटीला पोचला, तर गेलेले सगळे पाणी वाफ होऊन गेले. तो दीडपटच झाला असेल, तर उरलेल्या पाण्यात सुरुवातीच्या क्षारांपैकी तीन चतुर्थांशच शिल्लक आहेत. एक चतुर्थांश क्षार थेंबांवर बसून निघून गेले. अगदी खडू बसवणारे कठीण पाणी असेल तर चुन्याचा थर भांड्यावर धरून हा हिशेब थोडा चुकतो, म्हणून चाचणीपुरते मऊ पाणी घेऊन चिमूटभर मीठ टाकावे. मनोऱ्यात कोणतीही सुधारणा करण्याआधी ही चाचणी करावी, कारण तिच्याशिवाय सगळे अंदाजच राहतात.

थेंब का उडतात याचे उत्तर पाइपच्या रुंदीत आहे. १२० मिलिमीटरचा चांगला पंखा मोकळ्यावर तासाला साधारण १२० घनमीटर हवा फेकतो. ती सगळी चार इंची पाइपातून गेली तर हवेचा वेग सेकंदाला चार मीटरच्या घरात जातो. एक मिलिमीटर व्यासाचा पाण्याचा थेंब हवेत पडताना जास्तीत जास्त तेवढाच वेग गाठतो, म्हणजे असा थेंब पाइपमध्ये अधांतरीच राहील आणि त्याहून बारीक असलेला प्रत्येक थेंब वरच्या तोंडातून बाहेर पडेल. पाइपच्या अडथळ्याने वारा निम्म्यावर आला असे धरले, तरी अर्ध्या मिलिमीटरचे थेंब निसटतातच. आता पाइप आठ इंची घ्या. तीच हवा सेकंदाला एका मीटरने चढते आणि पाव मिलिमीटरपेक्षा मोठे थेंब मुकाट्याने खाली येतात. त्या हौशी मंडळींनी दिसायला देखणे, सडपातळ मनोरे केले आणि तिथेच पाणी गमावले. बुटका आणि रुंद मनोरा दिसायला बेंगरूळ, पण पाण्याच्या बाबतीत फार शहाणा.

दुसरा उपाय शॉवरच काढून टाकण्याचा. बारीक फवारा जितका सुंदर तितका उधळा. पाणी आणि हवा यांचा संपर्क वाढवायला थेंबच पाडावे लागतात असे नाही. पृष्ठभागावरून पातळ पापुद्रा ओघळू दिला तरी तेच साधते. विदर्भातल्या घरोघरच्या कूलरमध्ये हेच चालते. पंपाचे पाणी वाळ्याच्या ताट्यांवरून किंवा हनीकोंब पॅडवरून झिरपते, हवा त्या ओल्या जाळीतून आडवी जाते आणि थेंब फारसे सुटत नाहीत. उद्योगांच्या कूलिंग टॉवरमध्येही प्लास्टिकच्या नागमोडी पत्र्यांचा असाच भराव असतो. त्याच्यावर थेंब अडवणारी वळणदार पट्ट्यांची चौकट बसवतात. हवा वळते, जड थेंबाला वळता येत नाही, तो पट्टीवर आपटून खाली ओघळतो. चांगल्या चौकटीने फिरत्या पाण्याच्या लाख भागांतले एक-दोनच भाग उडू शकतात. घरच्या मनोऱ्यात हनीकोंब पॅडचा तुकडा पाणी सोडण्याच्या जागेच्या वर कोरडा बसवला तरी बरेचसे काम होते.

सांडण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बादलीभर पाणी एका झटक्यात घालवते तीच. पंप बंद पडला की पाइपमधले, नळ्यांतले आणि पॅडमधले सगळे पाणी खाली येते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर ते फरशीवर जाते. म्हणून भरतीची खूण पंप बंद असताना करावी, चालू असताना करू नये. स्वयंचलित भरतीसाठी फ्लोट व्हॉल्व्ह लावला असेल तर तो मात्र या खुणेपर्यंत भरलेले पाणी पंप सुरू झाल्यावर जिथे उतरते त्या पातळीला बेतावा. पंखा जिथून हवा फुंकतो त्या तोंडाला आतून खाली झुकलेली पट्टी लावली नाही तर तिथूनही थेंब-थेंब गळत राहते.

आता रुंद वाटेकडे.

बाष्पीभवनाने पाणी किती थंड होईल याला एक तळ असतो. तापमापकाच्या फुग्याभोवती ओले फडके गुंडाळून वारा घातला की जे तापमान दिसते, तो हा तळ. त्याला ओल्या बल्बचे तापमान म्हणतात. मेमधल्या नागपुरात हवा ४४ अंशांवर आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर हा तळ २३ अंशांच्या आसपास असतो. मुंबईत हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर तळ २९ वर येतो. म्हणजे नागपुरात मनोरा हवेपेक्षा वीसेक अंशांनी थंड पाणी देऊ शकतो आणि मुंबईत जेमतेम चार. कोरड्या गावात हा मनोरा जादू करतो, आणि तिथेच तो सर्वांत जास्त पाणी पितो.

कारण सरळ आहे. पाणी हवेपेक्षा थंड झाले की हवा पाण्याला उष्णता देऊ लागते. मग मनोरा संगणकाबरोबर बाहेरच्या हवेलाही थंड करत बसतो, आणि त्या कामाचे पाणीही आपल्याच बादलीतून जाते. आकडे पाहा. संगणक ३०० वॅटचा, बाहेर ४२ अंश आणि २० टक्के आर्द्रता, पंखा तासाला १२० घनमीटर हवा देतो आणि ती हवा वाफेने पूर्ण संपृक्त होऊन बाहेर पडते असे धरू. पाणी २५ अंशांच्या आसपास राहील आणि तासाला सव्वा लिटरहून अधिक उडेल. संगणकाच्या उष्णतेचा वाटा त्यात ४४० मिलिलिटर, बाकीचे नऊशेच्या आसपास मिलिलिटर उन्हाळ्याची हवा गार करण्यात गेले. पंख्याचा वेग एक तृतीयांशावर आणला तर पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर जाते आणि खर्च तासाला पाऊण लिटरच्या आत येतो. साडेतीन अंशांच्या मोबदल्यात निम्मे पाणी वाचले. सौम्य हवेतही, म्हणजे २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला, पूर्ण वाऱ्यावर सातशे मिलिलिटर आणि एक तृतीयांश वाऱ्यावर ४४० मिलिलिटर असा फरक पडतो. पाणी चारच अंशांनी अधिक कोमट राहते. वारा आणखी कमी केला आणि पाणी हवेपेक्षा गरम राहू दिले, तर काही उष्णता वाफेविना, कोरड्या मार्गानेच हवेत जाते आणि खर्च संगणकाच्या वाट्यापेक्षाही खाली उतरतो.

पाणी वाचवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पंख्याचा वेग पाण्याच्या तापमानाला बांधणारे थर्मोस्टॅट. पाणी ठरल्या अंशाच्या खाली गेले की पंखा मंद, आणखी खाली गेले की बंद. आज बहुतेक मदरबोर्डांवर तापमानाचा सेन्सर जोडायची सोय असते, त्यामुळे वेगळे सर्किटही लागत नाही.

हा ठरला अंश कोणता धरायचा? इथे जुन्या हौशी मंडळींची समजूत बदलावी लागते. त्यांना पाणी जितके थंड तितके हवे होते, कारण त्या काळी दोन-चार अंशांवर वेगाचे विक्रम ठरत. आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांपर्यंत चालायचे म्हणूनच बनवलेले आहेत. चांगला तांब्याचा ठोकळा असेल तर ३५-४० अंशांच्या पाण्यावरही त्यांचे काही बिघडत नाही. मोठ्या यंत्रांनी हे केव्हाच मान्य केले. म्युनिकजवळच्या गार्शिंगमध्ये २०१२ साली बसवलेला आयबीएमचा सुपरएमयूसी हा महासंगणक ४५ अंशांपर्यंतच्या पाण्याने थंड केला जाई. त्याआधी २०१० मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या अ‍ॅक्वासार या संगणकात तर ६० अंशांच्या आसपासचे पाणी आत सोडत. ४५ अंशांचे पाणी थंड करायला म्युनिकच्या हवेत वाफेची गरजच पडत नाही, साधा रेडिएटर पुरतो.

यातूनच सगळ्यांत मोठी बचत निघते: आधी कोरडे, मग ओले. संगणकातून आलेले गरम पाणी पहिल्यांदा साध्या रेडिएटरमधून फिरवायचे आणि तरीही ते जास्त गरम राहिले तरच मनोऱ्यात सोडायचे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या गोल्डन या गावी राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने आपल्या महासंगणक केंद्रात २०१६ साली हेच केले. कूलिंग टॉवर होतेच. त्यांच्या आधी पंपाशिवाय शीतक फिरवणारा एक कोरडा शीतक-संच, थर्मोसायफन, बसवला. हवा थंड असेल तेव्हा उष्णता त्याच्याकडून, उकाडा वाढला की उरलेली टॉवरकडून. केंद्राचा पाण्याचा वापर जवळपास निम्म्यावर आला. घरी याचे रूप फार सोपे आहे: एक २४० किंवा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर आणि तीनमार्गी झडप. पुण्या-नाशकात हिवाळ्यात आणि पावसाळ्यात मनोरा बंदच राहील. चैत्र-वैशाखातल्या दुपारी तेवढा तो जागा होईल.

त्याही आधीचा उपाय म्हणजे उष्णताच कमी निर्माण करणे. ग्राफिक्स कार्डांना शेवटचे पाच-दहा टक्के वेग मिळवण्यासाठी वीज बेसुमार लागते. पॉवर लिमिट तीस टक्क्यांनी खाली आणली तर कामगिरी फार थोडी घटते आणि वाफेवर जाणारे पाणी मात्र त्याच प्रमाणात वाचते. ४५० वॅटच्या कार्डावर ही बचत तासाला दोनशे मिलिलिटरची आहे, आणि तिला एक पैसाही पडत नाही.

क्षारांचा प्रश्न बोअरवेलच्या गावांत ठळक होतो. वाफ जाते, क्षार मागे राहतात, पाणी घट्ट होत जाते आणि शेवटी तांब्याच्या ठोकळ्यातल्या केसाएवढ्या खाचांत चुना धरतो. म्हणून काही पाणी सोडून ताजे घ्यावे लागते. किती सोडायचे ते क्षार किती पटीने वाढू द्यायचे यावर ठरते. दुपटीला थांबलो तर जेवढी वाफ तेवढेच पाणी सोडावे लागते, म्हणजे खर्च दुप्पट. तिप्पट चालवले तर वाफेच्या निम्मे, सहापट चालवले तर एक पंचमांश. तिपटीवरून सहापटीवर गेले की एकूण पाणी वीस टक्क्यांनी वाचते. त्यापुढे वाचण्यासारखे थोडेच उरते आणि चुन्याचा धोका वाढतो. पाणी मुळातच मऊ असेल तर हे गणित हलके होते. गच्चीवरचे पावसाचे पाणी गाळून साठवले तर मनोऱ्याला त्याच्यासारखे दुसरे नाही. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही जवळपास ऊर्ध्वपातित असते; कापडातून गाळून घेतले की चालते. उलट आरओ यंत्राचे फेकले जाणारे पाणी वापरण्याचा मोह टाळावा. ते आधीच क्षारांनी घट्ट झालेले असते, त्यामुळे मनोऱ्यात ते लवकर बदलावे लागते आणि बचत कागदावरच राहते. बदललेले पाणी फरशी पुसायला, अंगण धुवायला घेतले तर तो खर्चही खात्यातून वजा होतो.

पाणी वाचवण्याच्या नादात आरोग्याशी खेळ होता कामा नये. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर तीसेक माणसे न्यूमोनियासारख्या आजाराने दगावली. पुढच्या वर्षी जोसेफ मॅकडेड यांनी त्यामागचा जीवाणू शोधला. लीजनेला हे त्याचे नाव तिथूनच आले. हॉटेलच्या कूलिंग टॉवरवरून उडालेल्या तुषारांतून तो पसरल्याचे मानले जाते. २५ ते ४५ अंशांच्या कोमट, शेवाळलेल्या पाण्यात तो फोफावतो आणि श्वासावाटे आत गेलेल्या बारीक थेंबांतून फुफ्फुसात जातो. घरचा मनोरा नेमका याच तापमानात चालतो. म्हणून थेंब अडवणारी चौकट पाण्यासाठी जितकी हवी तितकीच माणसांसाठी हवी. अंधारी झाकलेली टाकी, आठवड्याला एकदा धुणे आणि पाणी स्वच्छ ठेवण्यापुरते क्लोरीन, हे नियम पाण्याची चार तांबे बचत होते म्हणून मोडू नयेत. बंद पडलेल्या मनोऱ्यात डेंग्यूचे डास होतात ते वेगळेच. कूलरसाठी आठवड्याचा कोरडा दिवस पाळतात तसा इथेही पाळावा.

मनोरा ठेवायचा कुठे, यावरही पाणी अवलंबून आहे. दहा बाय दहाच्या बंद खोलीतली २८ अंशांची अगदी कोरडी हवा पूर्ण संपृक्त व्हायला पाऊण लिटरच्या थोडे वर पाणी पुरते. ५० टक्के आर्द्रतेपासून सुरुवात केली तर ३०० वॅटचा मनोरा ती खोली तासाभरात गच्च दमट करू शकतो. मग ओल्या बल्बचा तळ वर सरकतो, पंखा जोरात फिरतो, पाणी थंड होत नाही आणि भिंतींना ओल येते. मोठ्यांनाही हा धडा मिळाला आहे. ऑरेगनमधल्या प्राइनव्हिल येथील फेसबुकच्या केंद्रात २०११ च्या उन्हाळ्यात नियंत्रणातल्या बिघाडाने दमट हवा आतल्या आत फिरत राहिली आणि सर्व्हरांच्या दालनात अक्षरशः ढग तयार झाला. मनोऱ्याची हवा खिडकीबाहेर गेलीच पाहिजे. एक दिलासा असा की मनोरा आणि संगणक एकाच हवेत असतील तर नळ्यांवर दव जमण्याची भीती नसते, कारण ओल्या बल्बचे तापमान दवबिंदूच्या खाली कधी जात नाही.

काही उपाय आकर्षक वाटतात पण इथे उपयोगाचे नाहीत. तलावावरचे बाष्पीभवन रोखायला सीटाइल अल्कोहोलसारख्या रसायनाचा रेणूभर जाडीचा थर पसरवतात. ऑस्ट्रेलियात विल्यम मॅन्सफील्ड यांनी १९५० च्या दशकात त्यावर मोठे प्रयोग केले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही अशा रसायनांवर काम झाले. पण तलावाचे पाणी शांत असते, मनोऱ्याचे सतत फुटत असते. थर टिकत नाही, आणि टिकला तर ज्या वाफेसाठी मनोरा बांधला तीच अडते. निघून जाणारी वाफ पुन्हा थंड करून पाणी मिळवावे, ही कल्पनाही पुष्कळांना सुचते. वाफेचे पाणी होताना ती आपली सगळी उष्णता परत देते, म्हणजे काढलेली उष्णता पुन्हा काढायला दुसरा मनोरा हवा. एमआयटीत कृपा वाराणसी आणि माहेर दमक यांनी २०१८ मध्ये विद्युतभारित तारांनी टॉवरवरचे धुके पकडण्याची रीत दाखवली. ती वीजकेंद्रांसाठी मोलाची आहे, पण ती मुळात धुक्याचे थेंब पकडते, वाफ पकडत नाही. आणि हजारो व्होल्टच्या तारा घरातल्या ओल्या पाइपावर कोणी बसवू नयेत.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्न विचारायला हवा: घरात मनोरा असावाच का? पाणी फक्त आपल्या नळाचे मोजले तर उत्तर अर्धवट राहते. कोळशावरच्या वीजकेंद्रांनाही टॉवर असतात. डिसेंबर २०१५ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार अशा जुन्या केंद्रांना दर मेगावॅट-तासाला साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा आहे, म्हणजे आपल्या एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत. हे पाणी कुठून येते हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. नागपूरचे प्रक्रिया केलेले सांडपाणी आता कोराडीच्या केंद्राला जाते, ही त्यातली चांगली घडामोड.

हा आकडा धरून एक युनिट उष्णता बाहेर काढण्याचा खर्च मांडून पाहावा. नीट बांधलेल्या मनोऱ्यात दीड लिटर वाफ, शिवाय पंप आणि पंखा यांच्या विजेमागे तीनेकशे मिलिलिटर; मिळून १.८ लिटर. एसीने तीच उष्णता बाहेर टाकली तर एक तृतीयांश युनिट वीज, म्हणजे वीजकेंद्रावर सुमारे १.२ लिटर. आणि साध्या रेडिएटरच्या पंख्यांना लागणाऱ्या विजेमागे शंभरेक मिलिलिटर. वीज सौर पॅनेलची असेल तर एसी आणि रेडिएटर यांचे आकडे आणखी खाली जातात, मनोऱ्याचे दीड लिटर मात्र तसेच राहतात. मनोरा बिल वाचवतो यात शंका नाही. पाणी वाचवतो असे मात्र म्हणता येत नाही.

हौशी मंडळी २००५ नंतर रेडिएटरकडे वळली ती सोयीसाठी. पाण्याच्या दृष्टीनेही तो निर्णय बरोबर होता. मोठ्या कंपन्या आज त्याच वळणावर आहेत. ऑरेगनमधल्या द डॅल्स या छोट्या शहरात गूगलच्या केंद्रांनी २०२१ मध्ये ३५.५ कोटी गॅलन, म्हणजे सुमारे १३४ कोटी लिटर पाणी वापरले. शहराच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक. हा आकडा लोकांसमोर यायला वृत्तपत्राला न्यायालयीन लढा द्यावा लागला. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४ पासूनच्या आपल्या नव्या केंद्रांच्या आराखड्यात थंडाव्यासाठी पाण्याची वाफ न करणारी बंद रचना स्वीकारली. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हाही थेट चिपपर्यंत द्रव नेणाऱ्या रचनेचा महासंगणक आहे. ऐरोली-महापे पट्ट्यात आणि पुण्याभोवती डेटा सेंटरांची रांग वाढते आहे. दर युनिटमागे किती लिटर पाणी लागले हे मोजण्याची पद्धत ग्रीन ग्रिड या संस्थेने २०११ मध्येच घालून दिली आहे. त्या केंद्रांनी हा आकडा दरवर्षी, गावाच्या नावासह जाहीर करावा आणि पाणी मंजूर करणाऱ्या यंत्रणांनी तो मागून घ्यावा.

आणि घरी ज्यांना हौसेने मनोरा बांधायचाच आहे, त्यांनी रेडिएटर आधी विकत घ्यावा, पाइप आठ इंची निवडावा, शॉवरऐवजी हनीकोंब पॅड लावावा, पंखा थर्मोस्टॅटवर ठेवावा आणि बादलीशेजारी टीडीएसची वही टांगावी. पुण्या-नाशकाच्या हवेत, ३०० वॅटपर्यंतच्या संगणकाला वर्षातले बहुतेक दिवस रेडिएटर एकटाच पुरेल.